येमूलमामांचा नंबर

"चौऱ्याण्णव," डॉ. बागेवाडीकर म्हणाले आणि त्यांनी कागद येमूलमामांच्या पुढं सरकवला.

मामांनी कागद आधी उलटा धरला, मग सुलटा केला, मग बायकोकडं दिला. राजमावशींना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तो मामांपेक्षा जास्त वेळ बघितला.

"शंभरापैकी?" मामांनी विचारलं.

"शंभरापैकी. आपल्या स्टडीत एकशेवीस पेशंट आहेत. त्यात सगळ्यात वरचा तुमचा."

मामांच्या तोंडावर क्षणभर आनंद दिसला, मी खोटं सांगत नाही. चौथीत शाळा सुटलेला माणूस, तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात रंगाच्या हौदावर उभा राहिलेला, आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी पहिला आला होता. मग डॉक्टरांनी त्या नंबराचा अर्थ सांगायला सुरुवात केली आणि आनंद हळूहळू खाली उतरत गेला.

मी टेबलाशेजारी फायली धरून उभा होतो आणि मामांकडं बघायचं टाळत होतो. कारण ज्या लघवीच्या बाटलीतून हा नंबर निघाला ती मी भरली होती. लेबल लावलं, वहीत नोंद केली, त्या अर्थानं नव्हे. भरली होती.

हे सगळं सोलापूरचं, चौदा वर्षांपूर्वीचं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, ते अजून चालू आहे. मूत्राशयाचा कॅन्सर हा आमच्या डॉक्टरांचा विषय. हा आजार मोठा खोडकर. दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली तरी निम्म्याहून जास्त लोकांना तो परत येतो. काहींना परत येऊन वरवर राहतो, काहींना मूत्राशयाच्या भिंतीत घुसतो आणि मग माणूस हातचा जातो. कुणाला कसा येणार हे आधी कळत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी दुर्बीण. ही दुर्बीण कुठल्या रस्त्यानं आत जाते ते पुरुषमाणसाला समजावून सांगायची गरज पडत नाही, तो आधीच पाय जवळ घेऊन बसतो. ट्रक चालवणारे धिप्पाड लोक आमच्याकडं रडलेले आहेत.

बागेवाडीकरांनी यावर तोड काढली होती. लघवीतली तीन प्रोटीनं मोजायची, त्यांचं गणित करायचं आणि एक नंबर काढायचा. नंबर दहाच्या आत असला की आजार झोपलाय. पन्नासच्या वर गेला की परत येणार. ऐंशीच्या वर गेला की नुसता येणार नाही, भिंत फोडून येणार. या नंबराचं नाव 'बागेवाडीकर स्कोर'. पहिली बाटली गोळा व्हायच्या आधी त्यांनी हे नाव छापलेली पत्रं करून घेतली होती.

पेशंट लोकांना यातलं एवढंच कळलं की लघवीला मार्क पडतात. ज्यांना सहा-सात पडायचे ते तोंड पाडून विचारायचे, वाढवायला काय खाऊ.

मी स्टडीचा कोऑर्डिनेटर. पेशंटला फोन करायचा, बाटली घ्यायची, लेबल लावून फ्रीजरमध्ये ठेवायची. अडचण अशी की बाटलीच्याच दिवशी दुर्बीण असायची, त्यामुळं पेशंट येत नसत. कुणाच्या शेताला पाणी सुटलेलं असायचं, कुणाची सासू तिसऱ्यांदा वारलेली असायची. हॉलंडचे एक प्रोफेसर या कामात भागीदार होते. त्यांचं पत्र आलं की बाटल्या अशाच कमी पडत राहिल्या तर स्टडी धरता येणार नाही. बागेवाडीकरांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "ढेपे, तक्त्यात मला रिकामा चौकोन दिसता कामा नये." कसा भरायचा ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पहिल्यांदा ते खरंच अपघातानं झालं. बार्शीच्या एका म्हाताऱ्याची बाटली माझ्या हातून निसटून बेसिनमध्ये सांडली. म्हातारा तोवर एस.टी.त बसला होता. मी बाटली धुतली, मागच्या संडासात गेलो आणि दोन मिनिटांत परत आलो. त्याचा नंबर पाच आला. त्यानंतर सवय लागली. चौदा महिन्यांत मी एकतीस बाटल्या भरल्या. चौतीस वर्षांचा होतो, बिडी नाही, तंबाखू नाही. पाच, सहा, चार, सहा. माझ्यामुळं त्या तक्त्याला फार शोभा आली होती. बागेवाडीकरांच्या एकदा लक्षात आलं की जे पेशंट नियमित येत नाहीत त्यांची तब्येत येणाऱ्यांपेक्षा चांगली राहते. त्यावर स्वतंत्र लेख लिहायचा त्यांचा विचार चालला होता.

येमूलमामांची सहाव्या महिन्याची बाटली ही एकतिसावी. मामा आले नाहीत, फोन लागला नाही, मी भरली. त्या दिवशी माझी कंबर जरा धरली होती, एवढंच आठवतं.

आता डॉक्टरांच्या समोर मी वाट बघत होतो की मामा म्हणतील, मी तर आलोच नव्हतो. ते एवढं म्हणाले असते की सगळं तिथंच संपलं असतं. माझी नोकरीही संपली असती, पण ते सोडा. मामांनी बायकोकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, आणि कागद परत स्वतःकडं घेतला. मला वाटलं, विसरले. इतक्या बाटल्या दिल्यावर कुणाच्या लक्षात राहतं.

डॉक्टर सांगत होते की मागच्या दुर्बिणीत आत एक लाल चट्टा दिसला होता. तो आधीच्या औषधानंही येतो, पण मामांची गाठ मुळातच वाईट जातीची, आणि वर हा नंबर. थांबण्यात अर्थ नाही. मूत्राशयच काढून टाकायचं. आतड्याचा एक तुकडा घेऊन पोटाला भोक पाडून लघवीला बाहेर वाट करून द्यायची, त्याच्यावर पिशवी. पुढच्या पुढच्या गुरुवारी.

"कायमची पिशवी?" राजमावशींनी विचारलं.

"कायमची. पण माणूस पण कायमचा," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच्या वाक्यावर खूश झाले.

मी तिथून थेट लॅबमध्ये गेलो. तिथं तस्लीम मॅडम होत्या, प्रोटीनं मोजायचं काम त्यांचं. मी विचारलं की किट बिघडलं असेल का. त्यांना राग आला. म्हणाल्या, "माझ्या मशीनला नावं ठेवू नकोस. ज्याची लघवी आहे त्याच्यात काहीतरी आहे." मग मी दुसऱ्या दिवशी माझी एक बाटली भरली आणि लेबलवर 'नवीन पेशंट, करमाळा' असं लिहून त्यांच्याकडं दिली. नंबर आला एक्क्याण्णव. तस्लीम मॅडमनी कागद माझ्या हातात देताना सांगितलं की या करमाळ्याच्या माणसाला लवकर गाठा, याचं काही खरं दिसत नाही.

मी त्याला गाठायला आरशापुढं गेलो. जीभ बघितली, डोळे ओढून बघितले. रात्रभर बायकोला कळू न देता पोट चाचपत राहिलो.

पण आधी मामांचं काय करायचं ते बघायला हवं होतं, आणि तेव्हा मला ते सोपं वाटत होतं. मामांनीच ऑपरेशनला नाही म्हटलं की झालं. रविवारी त्यांच्या घरी गेलो, पूर्व भागात. बाहेर गल्लीत मागांचा खडखडाट. आत राजमावशी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू घालायची, गुंडाळायचं, दोरा बांधायचा. बोलताना त्यांची बोटं थांबत नव्हती.

मी म्हणालो, मामा, घाई करू नका. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पुण्याला जा. नाहीतर सहा महिने नुसतं थांबून बघा. मामा ऐकून घेत होते. शेवटी मी एका वैदूचं नाव घेतलं, तेव्हा राजमावशी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही दवाखान्यातले. तुम्हीच असं सांगायलाव?"

मामा उठले आणि मला खुणेनं गच्चीवर घेऊन गेले. तिथं रंगवलेलं सूत वाळत घातलं होतं. त्याच्या आडोशाला उभं राहून त्यांनी माझा हात धरला.

"घरात बोलू नगा," ते हळूच म्हणाले. "त्या महिन्यात मी आलोच नव्हतो."

मी सुताची लड बाजूला सारून जिन्यात कुणी नाही ना ते बघितलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दुर्बिणीची भीती वाटली म्हणून त्या दिवशी ते घरातून दवाखान्याला म्हणून निघाले आणि थेटरात जाऊन बसले. तेलुगू सिनेमा लागला होता. एकच सिनेमा लागोपाठ दोनदा बघितला, संध्याकाळी घरी आले आणि बाटली देऊन आलो म्हणून बायकोला सांगितलं. तिनं मार्कंडेयाची शपथ घालून विचारलं, तर शपथ पण घेतली. "मध्यंतरात दोनदा लघवीला गेलो बघा. ती पण तुम्हाला दिली नाही," मामा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यात पाणी आलं.

माझ्या जिवात जीव आला. मी म्हणालो, मग मामा, तो नंबर तुमचा कसा असेल?

"तेच की," मामा म्हणाले. "मी बाटली दिली नाही, तरी नंबर आला. आणि साधासुधा नाही, चौऱ्याण्णव. हे कुणाचं काम हाय? देवाची खोटी शपथ घेतली, तरी त्यानं मला सोडलं नाही. न देता कळवलं. मार्कंडेयाच्या मागं यम लागला होता, तेव्हा देवानं त्याला जसं वाचवलं तसं."

मला एक वाक्य बोलायचं होतं. मामा, देव नव्हता, मी होतो. वाक्य तोंडापर्यंत आलं, आणि तोंडात येऊन ते फार घाण लागलं. मी म्हणालो की तुमच्या समाधानासाठी आता एक ताजी बाटली द्या. त्यांनी आनंदानं दिली. तिचा नंबर आला सात.

हा सात घेऊन मी बागेवाडीकरांच्या केबिनमध्ये गेलो. आता ऑपरेशन टळणार याची मला खात्री होती. डॉक्टरांनी सात बघितला, चष्मा काढला, परत घातला.

"हे वाईट आहे," ते म्हणाले.

मी विचारलं की सात वाईट कसा.

ते म्हणाले की चौऱ्याण्णववरून एकदम सात, म्हणजे आजार आता लघवीत उतरायचा थांबला. म्हणजे खोल गेला. त्यांनी कागदावर एक उतरती रेघ काढून मला दाखवली आणि तिला त्यांनी काहीतरी नाव पण दिलं. मग मी धीर करून म्हणालो की सर, कदाचित सहाव्या महिन्याची बाटली बदलली गेली असेल. मामांची नसेलच ती.

बागेवाडीकर रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. खुर्ची मागं करून त्यांनी मला नीट निरखून बघितलं.

"मग कुणाची?"

"माहीत नाही सर."

"माहीत करून घे. चौऱ्याण्णववाला माणूस या सोलापुरात कुठंतरी हिंडतोय, त्याला माझ्यासमोर उभा कर. गुरुवारी त्याला टेबलावर घेतो, येमूलला घरी पाठवतो. मला काय, एकच माणूस लागतो."

मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. लोकांना मी नंतर सांगितलं, बायकोलाही हेच सांगितलं, की मी नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. नोकरीचं होतंच. पण त्या जिन्यात मी नोकरीचा विचार करत नव्हतो. मी त्या पिशवीचा विचार करत होतो. जोवर तो नंबर मामांच्या फायलीत होता, तोवर तो माझा नव्हता. मामांनी तो घेतला होता, आनंदानं घेतला होता, देवाकडून घेतला होता. मी उठून 'तो मी' म्हटलं की तो उडी मारून माझ्या पोटात येऊन बसणार. त्यामुळं येमूलमामा गुरुवारी टेबलावर जाणार या गोष्टीनं मला वाईट वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं.

सोमवारी मी बहिणीकडं जातो सांगून हैदराबादला गेलो. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. ज्या डॉक्टरकडं गेलो तो तरुण होता, पान खात होता. मी त्याला माझ्या एक्क्याण्णवचा कागद दाखवला, करमाळ्याचं लेबल फाडून. त्यानं कागद बाजूला ठेवला, सोनोग्राफी केली आणि हसायला लागला. सहा मिलीमीटरचा मूतखडा. खाली उतरत उतरत आला होता, एक-दोन दिवसांत पडणार होता. मी विचारलं, आणि ही प्रोटीनं? तो म्हणाला की खडा आत खरवडत असला, इन्फेक्शन असलं, जरा रक्त आलं, की ही प्रोटीनं वर चढतातच. आधी खडा बघायचा, मग कॅन्सर म्हणायचं. हे तर शिकाऊ डॉक्टरला पण कळतं. पाणी प्या म्हणाला.

मी बाहेर आलो आणि बिर्याणी खाल्ली. मग अजून एक मागवली. इतकी चव मला नंतर कधी लागली नाही. परतीच्या गाडीत मी वाक्य तयार केलं. सर, तो माणूस मी आहे, आणि मला काही झालेलं नाही. गुलबर्गा येईपर्यंत ते वाक्य मला फार सोपं वाटत होतं. गुलबर्ग्यानंतर लक्षात आलं की यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा वाईट आहे. मला काही झालेलं नाही, म्हणजे एका खड्यानं बागेवाडीकर स्कोर चौऱ्याण्णववर जातो. म्हणजे स्कोर कवडीमोलाचा. म्हणजे हॉलंड, स्कोरसाठी ठरलेली मोठी परिषद, पत्रं, सगळं गेलं. आणि मग कुणीतरी बाकीच्या तीस बाटल्या पण बघणार.

बुधवारी सकाळी बागेवाडीकर वॉर्डात सह्या करत होते. मामा कोपऱ्यातल्या कॉटवर बसले होते, कपाळाला अंगारा लावून. मला बघून त्यांनी हात वर केला.

"सापडला का तुझा तो माणूस?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

आता मला पिशवीची भीती नव्हती. मी धडधाकट होतो. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, दोन्ही भागांसकट.

"नाही सर," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी आठला मामांना आत नेलं. दहाच्या सुमाराला मागच्या संडासात, जिथं मी सगळ्या बाटल्या भरल्या होत्या तिथंच, माझा खडा पडला. पांढऱ्या भांड्यावर टक्कन आवाज झाला. तुरीच्या डाळीएवढा असेल. मी पाणी ओतलं. मामांचं ऑपरेशन दुपारी दोनपर्यंत चाललं.

काढलेलं मूत्राशय तपासायला गेलं. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर कुठंही नाही, एक कणही नाही, औषधानं आलेली नुसती लाली. तो रिपोर्ट घेऊन केबिनकडं जाताना मला वाटलं की आता तरी डॉक्टरांना घाम फुटेल. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, उठले, आणि माझ्याशी हात मिळवला. पहिल्यांदाच.

"यायच्या आधी पकडला," ते म्हणाले.

तस्लीम मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या मशीन पुसत होत्या. त्या म्हणाल्या की ढेपे, कॅन्सर निघाला असता तर टेस्ट बरोबर होती, आणि निघाला नाही तर टेस्ट आणखी बरोबर आहे. असली टेस्ट माझ्या नवऱ्याच्या स्वभावाची पण निघायला हवी. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं की तो करमाळ्याचा माणूस परत आला का. मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, मेला असेल बिचारा.

दोन महिन्यांनी परिषद झाली. मोठा हॉल, दोनशे डॉक्टर, स्टेजवर हॉलंडचे प्रोफेसर, त्यांच्या गळ्यात सोलापुरी टॉवेल. बागेवाडीकरांनी पडद्यावर मामांचा चौऱ्याण्णव दाखवला, मग सात दाखवला, मग स्वच्छ रिपोर्ट दाखवला. मग मामांना स्टेजवर बोलावून शाल घातली. मामा इस्त्रीच्या शर्टात होते, पोटाच्या उजव्या बाजूला पिशवीचा फुगवटा दिसत होता. राजमावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कुणीतरी मामांच्या हातात माइक दिला आणि दोन शब्द बोला म्हणालं. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

मामांनी घसा साफ केला.

"त्या महिन्यात मी बाटली दिलीच नव्हती," ते म्हणाले. "बायकोशी खोटं बोललो, थेटरात जाऊन बसलो. तरी डॉक्टरसाहेबांना नंबर कळला. न देता कळला. असा डॉक्टर तुम्ही कुठं बघितला असेल तर सांगा."

माझ्या हातात पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे होता. तो मी जवळच्या खुर्चीवर ठेवला आणि दाराकडं सरकलो. बागेवाडीकरांचा चेहरा पडद्याच्या उजेडात निळा दिसत होता. मग मागून एक डॉक्टर हसला, खेडवळ पेशंटच्या भाबडेपणाला हसतात तसं, आणि त्याच्यामागं सगळे हसले. प्रोफेसरांनी वाकून बागेवाडीकरांना विचारलं की पेशंट काय म्हणाला. बागेवाडीकरांनी त्यांना इंग्रजीत सांगितलं की तो म्हणतोय, मला काही त्रास जाणवायच्या आधीच या टेस्टनं ओळखलं. प्रोफेसर उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळा हॉल उभा राहिला.

एकट्या राजमावशी बसून होत्या. त्या स्टेजकडं बघत नव्हत्या. त्यांनी मान वळवून हॉलभर कुणाला तरी शोधलं, आणि मी सापडलो.

जेवणाच्या रांगेत त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माझ्या ताटात जिलबी होती, त्यांच्या हातात ताट नव्हतं.

"हे त्या महिन्यात आले नव्हते," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो की हो, ते तसं म्हणाले खरं.

"चाळीस वर्षं बिड्या वळते मी. दिवसाच्या हजार द्यायच्या असतात. सांजच्याला पन्नास कमी पडल्या की बाया काय करतात, ते मला माहीत हाय. तंबाखूऐवजी पानाचा चुरा भरून बिड्यांचा कट्टा पुरा करतात. वरनं बघणाऱ्याला कळत नाही." त्यांनी माझ्या ताटाकडं बघितलं. "तुम्ही भरली."

"हो," मी म्हणालो. हा शब्द चार महिने मी कुणापुढं बोललो नव्हतो. तो इतक्या सहज बाहेर पडला की मलाच आश्चर्य वाटलं.

मला वाटलं त्या ओरडतील, चप्पल काढतील. मी ताट घट्ट धरलं. त्या लांब मामांकडं बघत होत्या. तिथं चार-पाच डॉक्टर त्यांच्याभोवती जमले होते, मामा शर्ट वर करून कुणाला तरी पिशवी दाखवत होते आणि हसत होते.

"त्यांना सांगू नगा," त्या म्हणाल्या. "देवानं वाचवलं म्हणून जगायलेत. तुम्ही मुतलात म्हणून कापलं, असं कळलं तर त्याच दिवशी मरतील."

मी मान हलवली.

"आणि रविवारी घरी या. पिशवी बदलायला. माझी बोटं कात्री धरून वाकडी झालीत, पिशवीचं भोक नीट कापता येत नाही, मग रात्रभर गळतं. तुम्हाला भरायची सवय हाय, आता काढायची लावून घ्या."

मला वाटलं त्या एका रविवारचं म्हणताहेत.

बागेवाडीकर दीड वर्षानं मोठ्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात गेले. स्कोर कुणी फार दिवस वापरला नाही, ज्याला त्याला खडे निघायला लागले. तोवर डॉक्टरांचा दुसरा विषय सुरू झाला होता. तस्लीम मॅडम आखातात गेल्या. मी इथंच आहे.

रविवारी सकाळी नऊला मी पूर्व भागात पोचतो. मामा पलंगावर पडून शर्ट वर करतात. जुनी पिशवी कडेनं हळूहळू सोडवायची, कोमट पाण्यानं पुसायचं, माप घ्यायचं, नव्या पिशवीच्या चकतीला बरोबर तेवढं भोक कापायचं. हे करताना लघवी थांबत नाही, ती आपली येतच राहते, म्हणून एका हातानं भोकावर कापड धरून ठेवावं लागतं. कधी हातावर येते, कधी तोंडावर उडते. मामा आता पंचाहत्तरचे आहेत, ठणठणीत आहेत. शेजारीपाजारी कुणी आलं की त्यांना बोलावून दाखवतात. म्हणतात, बघा, दवाखान्याचा माणूस घरी येतो, एक रविवार चुकवत नाही. असा भला माणूस तुम्ही कुठं बघितला असेल तर सांगा.

मग ते आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणतात, "अगं, साहेबांना चहा टाक."

राजमावशी सुपावरून मान वर करत नाहीत.

"त्यांना चालत नाही," त्या म्हणतात.